हा आकडा कुणी मोजला?

(पत्रकार दिनी बाळशास्त्री जांभेकर यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. दरवर्षी आजच्या दिवशी आपण बाळशास्त्रींच्या तसबिरीला हार घालतो, त्यांना आद्य पत्रकार म्हणतो आणि चहा घेऊन घरी जातो. हा माणूस गणिताचा मास्तर होता, ही गोष्ट मात्र आपल्या भाषणांतून सहसा गळते. एल्फिन्स्टनमध्ये ते गणित शिकवत, कुलाब्याच्या वेधशाळेचं काम पाहत. त्यांच्या विद्यार्थ्यांत दादाभाई नवरोजी आणि केरूनाना छत्रे यांची नावं घेतली जातात. केरूनाना पुढे डेक्कन कॉलेजात गणित शिकवू लागले, तेव्हा त्यांच्यासमोर बसलेल्या मुलांत बळवंत गंगाधर टिळक नावाचा एक मुलगा होता. म्हणजे ‘दर्पण’पासून ‘केसरी’पर्यंतची वाट गणिताच्या वर्गातून गेली आहे. आणि आज पत्रकारितेच्या कुठल्याही वर्गात जाऊन ‘टक्केवारी काढा’ म्हणा. निम्मी मुलं हसतात आणि एखादा प्रामाणिकपणे सांगतो, ‘सर, गणित सुटावं म्हणून तर इकडे आलो.’

तेव्हा आजचा विषय बाळशास्त्रींच्या दिवसाला परका नाही. पत्रकारांना डेटाचं विश्लेषण आणि संशोधनाची डिजिटल साधनं कशी शिकवावीत, याबद्दल मी बोलणार आहे. हे शिकवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि आपण ते चुकीच्या टोकाकडून शिकवतो, असं माझं मत झालं आहे. आपण साधनापासून सुरुवात करतो. ती मोजणीपासून करायला हवी: हा आकडा कुणी मोजला, कशासाठी मोजला, मोजताना कोण सुटलं? आणि हे शिकण्याची सर्वांत जास्त तयारी ज्याची आधीच झालेली असते, त्या तालुक्याच्या वार्ताहराला आपण वर्गात बोलावतच नाही.

आधी दादाभाईंकडे जाऊ. १८६७-६८ सालच्या आकड्यांवरून त्यांनी हिंदुस्थानातल्या माणशी वार्षिक उत्पन्नाचा अंदाज काढला, तो सुमारे २० रुपये. आता २० रुपये म्हणजे थोडे की पुष्कळ? नुसत्या आकड्याला तोंड नसतं. दादाभाईंनी सरकारचेच तुरुंगांचे अहवाल काढले आणि एका कैद्याच्या अन्नवस्त्राला वर्षाकाठी किती खर्च येतो ते शेजारी मांडलं. बहुतेक ठिकाणी तो खर्च जास्त निघाला. मोकळ्या रयतेच्या वाट्याला सरकारच्या कैद्याइतकंही येत नव्हतं. त्यांनी नवी पाहणी केली नाही, गुप्त कागद मिळवला नाही. सरकारचे दोन छापील तक्ते, जे एकमेकांशेजारी ठेवायचं सरकारला कधी सुचलं नव्हतं, ते त्यांनी ठेवले. पुण्यात सार्वजनिक सभेनेही १८७६ ते ७८ च्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे ठेवली. पुढे गणेश व्यंकटेश जोशी नावाच्या एका शाळामास्तरांनी जमवलेल्या आकड्यांच्या बळावर गोखल्यांचं १९०२ सालचं अर्थसंकल्पावरचं भाषण उभं राहिलं. हे सगळं आपल्याच घरातलं आहे. तरीही ‘डेटा जर्नालिझम’ म्हटलं की आपल्याला वाटतं, ही काल परवा कॅलिफोर्नियातून आलेली वस्तू आहे.

अमेरिकेत हे कसं सुरू झालं तेही ऐकण्यासारखं आहे, कारण तिथेही सुरुवात यंत्राने झाली नाही. फिलिप मेयर हे नाइट वृत्तपत्रसमूहाचे वॉशिंग्टनमधले वार्ताहर. १९६६-६७ चं वर्ष त्यांनी हार्वर्डमध्ये समाजशास्त्राच्या पाहणीच्या पद्धती शिकण्यात घालवलं. ते परतले आणि जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइट पेटलं. ४३ माणसं मेली. दंगल का झाली, याची दोन उत्तरं सगळ्यांच्या तोंडी तयार होती. एक, शिक्षण नसलेली, तळातली माणसं दंगल करतात. दोन, दक्षिणेकडून नुकतीच आलेली, शहरात न रुळलेली कृष्णवर्णीय कुटुंबं हे करतात. मेयर यांनी ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’साठी दंगलग्रस्त भागात शास्त्रशुद्ध नमुना पाहणी केली. ४३७ माणसांच्या मुलाखती झाल्या आणि उत्तरं एका मेनफ्रेम संगणकावर चढवली गेली. कॉलेजात गेलेले आणि शाळा सोडलेले दंगलीत सारख्याच प्रमाणात होते. आणि उत्तरेत वाढलेल्यांचा सहभाग दक्षिणेत वाढलेल्यांच्या सुमारे तिप्पट होता. दोन्ही तयार उत्तरं पडली. पुढच्या वर्षी त्या वृत्तपत्राला दंगलीच्या वार्तांकनासाठी पुलित्झर मिळालं आणि १९७३ मध्ये मेयर यांनी या पद्धतीवर ‘प्रिसिजन जर्नालिझम’ हे पुस्तक लिहिलं.

संगणक त्या गोष्टीत आहे, पण तो शेवटी येतो. त्याआधी कुणीतरी ‘हे सगळे म्हणताहेत ते खरं कशावरून?’ असं विचारलं आहे, आणि पाहणीत कोणाला घ्यायचं, प्रश्न कसा विचारायचा, यावर डोकं खपवलं आहे. आपल्या कार्यशाळांत नेमका हा भाग वेळेअभावी वगळतात.

आपली कार्यशाळा कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. हॉटेलचा हॉल, गळ्यात ओळखपत्र, सकाळी उद्घाटन. मग अडीच तासांत वीस साधनं. उलट चित्रशोध असा करायचा, नकाशा असा रंगवायचा, आलेख असा हलवायचा. २०१८ मध्ये गुगलने सात भाषांत ८,००० भारतीय पत्रकारांना प्रशिक्षण द्यायचा कार्यक्रम जाहीर केला, त्यात मराठीही होती. खोट्या चित्रफिती ओळखण्याच्या कामात त्या प्रशिक्षणाचा खरोखर उपयोग झाला, हे मी पाहिलं आहे. त्याला नावं ठेवायची नाहीत. पण साधनं मरतात. ज्या गुगल फ्यूजन टेबल्सवर एका पिढीने नकाशे शिकले, ते २०१९ मध्ये बंद झालं. ज्यांना फक्त बटणं शिकवली होती, त्यांचं शिक्षण त्याच दिवशी संपलं.

म्हणून माझ्या वर्गाचा पहिला तास बीडवर असतो.

एप्रिल २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी आली आणि देशभर गाजली. तेव्हा फिरणारा एक आकडा ३६ टक्क्यांचा होता. तो २०० ऊसतोड महिलांच्या एका पाहणीतून आला होता; त्यांतल्या ७२ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. पुढे सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. भागाकार करा: १६.८ टक्के. वर्गात मी विचारतो, मथळ्यात कोणता आकडा द्याल? बहुतेक हात ३६ ला वर होतात, कारण तो मोठा आहे. काही १३,८६१ ला, कारण तो ‘हजारांत’ आहे. मग विचारतो, २०० बायका कशा निवडल्या होत्या? ज्यांना त्रास झाला त्याच बोलायला पुढे आल्या असतील का? आणि १६.८ टक्के हे जास्त आहे हे कशावरून? तेव्हा कुणीतरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी उघडतं. तिच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होतं. म्हणजे पाचपटीहून जास्त! थांबा. समितीने पाहिलेल्या सगळ्या बायका याच वयोगटातल्या होत्या का? पन्नाशीपुढच्या असतील तर तुलना कशी बदलेल? इतक्यात एक तास संपलेला असतो आणि संगणक अजून कुणी सुरू केलेला नसतो.

त्या वर्गात बीड किंवा धारूरकडचा एखादा वार्ताहर असला, तर पुढचा भाग तो शिकवतो आणि मी ऐकतो. तो सांगतो, साहेब, कारखान्याच्या हिशेबात बाई नसतेच. तिथे ‘कोयता’ असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा, आणि बाई पाळीमुळे किंवा दुखण्यामुळे कामावर गेली नाही तर खाडा पडतो, तोही कोयत्याला. खाड्याचा दंड उचलीत चढतो. जिची मजुरीच वेगळी लिहिली जात नाही, तिच्या दुखण्याची नोंद कुठल्या रकान्यात सापडणार? समितीला ८२ हजार बायका घरोघर जाऊन मोजाव्या लागल्या त्या यामुळे. पुण्यामुंबईच्या कुठल्याही डेटातज्ज्ञाला ही गोष्ट तक्ता पाहून कळली नसती. आणि त्या वार्ताहराला आपल्याला माहीत आहे ते आकडेवारीचं शास्त्र आहे, याची कल्पना नव्हती.

दुसरा धडा शेतकरी आत्महत्यांचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०१३ साली शेतकऱ्यांच्या ११,७७२ आत्महत्या नोंदल्या आहेत. २०१४ साली ५,६५०. एका वर्षात निम्म्याहून कमी! नुसता आलेख काढणाऱ्याने ‘आत्महत्यांत मोठी घट’ असं लिहून पान सोडलं असतं. त्याच अहवालातलं पुढचं पान उलटलं तर दिसतं, त्या वर्षापासून शेतमजुरांचा रकाना वेगळा केला आहे आणि त्यात ६,७१० नावं आहेत. दोन्हींची बेरीज १२,३६०. घट नाही, वाढ आहे. पी. साईनाथ वर्षानुवर्षं हेच सांगत होते की, या तक्त्यांत ‘शेतकरी’ कोणाला म्हणायचं, ते ठाण्यातला लिहिणारा ठरवतो. आपल्याकडे तर याच्या जोडीला महसूल खात्याचा वेगळा हिशेब आहे. जिल्हा समिती प्रत्येक प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते: सातबारा नावावर होता का, कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का. बाईच्या नावावर सातबारा नसेल, तर तिने जन्मभर शेत कसलं तरी ती या हिशेबात शेतकरी होत नाही. यवतमाळच्या माणसाला पात्र-अपात्र हे शब्द शिकवावे लागत नाहीत. शिकवायचं ते इतकंच: पोलिसांचा तक्ता आणि महसूलचा तक्ता एका पानावर आण आणि ज्या तालुक्यात फरक सर्वांत मोठा आहे तिथे आधी जा. डेटा बातमी देत नाही. कोणत्या गावाची एसटी पकडायची, ते सांगतो.

इथवर बेरीज, भागाकार आणि शंका. यंत्राची खरी गरज मला जिथे वाटते, ती जागा म्हणजे दोन याद्या जुळवणं. यातला प्रसिद्ध जुना दाखला ऱ्होड आयलंडचा. १९८०च्या दशकात इलियट जॅस्पिन या वार्ताहराने शाळेच्या बसचालकांची यादी वाहतूक गुन्ह्यांच्या आणि फौजदारी शिक्षांच्या नोंदींशी संगणकावर जुळवली. मुलांना शाळेत नेणाऱ्या चालकांत कोण कोण निघालं, ते वाचून राज्य हादरलं. पुढे त्यांनी मिसुरी विद्यापीठात पत्रकारांना हेच शिकवणारी संस्था उभी केली, आणि तिच्यातून झालेल्या ‘नायकार’चे आठवडाभराचे वर्ग अजून चालतात. आठवडाभर म्हणतो आहे मी, अडीच तास नाही.

पण हल्ली मी जॅस्पिनचा दाखला कमी देतो, कारण आपल्याला त्याहून चांगला मिळाला आहे. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरवली आणि माहिती जाहीर करायला सांगितलं. स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. कारण काय, तर रोखे कोणी घेतले ती नोंद एकीकडे, कोणत्या पक्षाने वटवले ती दुसरीकडे. २२,२१७ रोखे, म्हणजे माहितीचे ४४,४३४ संच, ते जुळवायला वेळ लागेल. न्यायालयाने मुदत नाकारली. १४ मार्चला निवडणूक आयोगाने दोन याद्या टाकल्या, दोन्ही पीडीएफ, आणि रोख्याचा क्रमांक एकीतही नाही. घेणारे कळले, वटवणारे कळले, कोणी कोणाला दिले ते नाही. आता गंमत बघा. रोख्यावर क्रमांक असतो हे पत्रकारांना ठाऊक होतं, कारण २०१८ मध्येच पूनम अग्रवाल या पत्रकार महिलेने हजार-हजारांचे दोन रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासून घेतले होते, आणि अतिनील प्रकाशात त्यावरचा छुपा क्रमांक दिसला होता. न्यायालयाने क्रमांकही द्यायला लावले. २१ मार्चला ते आले आणि वेगवेगळ्या वृत्तकक्षांत काही तासांत जुळणी झाली. ज्या कामाला बँक जूनअखेर मागत होती, ते एक्सेलमध्ये व्हीलुकअप हे याद्या जुळवण्याचं सूत्र येणाऱ्या कुणालाही करता आलं. त्या रात्री मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. बातमीबद्दल ती काहीच बोलली नाही. म्हणाली, ‘सर, जुळलं!’ नऊ वर्षांच्या मुलीने कोडं सोडवल्यावर बोलावं तशी.

जुळणी झाल्यावर खरी जोखीम सुरू होते, आणि ती शिकवायला आणखी एक तास लागतो. एका मोठ्या खरेदीदाराच्या नावात ‘लिमिटेड’ हा शब्द काही ओळींत मधोमध तुटलेला होता, त्यामुळे यंत्राच्या लेखी त्या दोन कंपन्या झाल्या आणि बेरीज कमी आली. शिवाय अमक्या कंपनीवर छापा अमक्या तारखेला, रोखे त्यानंतर अमक्या तारखेला: तारखा शेजारी आल्या म्हणजे एकामुळे दुसरं घडलं हे सिद्ध झालं का? संशय घ्यायला, प्रश्न विचारायला, कंपनीला पत्र लिहून बाजू मागायला ते पुरेसं आहे. ‘म्हणून’ हा शब्द लिहायला पुरेसं नाही. ‘म्हणून’ खोडायला शिकवणं हे व्हीलुकअप शिकवण्यापेक्षा फार कठीण काम आहे, हे कोणत्याही उपसंपादकाला विचारा.

कोविडच्या मृत्यूंचंही असंच. मे २०२१ मध्ये ‘दिव्य भास्कर’ने गुजरातमधल्या मृत्यूच्या दाखल्यांची मोजणी छापली. १ मार्च ते १० मे या काळात सुमारे १ लाख २३ हजार दाखले, आदल्या वर्षी त्याच काळात सुमारे ५८ हजार. आणि सरकारी खात्यावर त्या काळातले कोविडमृत्यू सुमारे ४,२००. सरकारने आक्षेप घेतला: दाखले म्हणजे मृत्यू नव्हेत, दाखला उशिराही निघतो, एकाचे अनेकही निघतात. आक्षेप खोटा नाही. पण ६५ हजारांची वाढ त्याने पुसून जात नाही. वर्गात मी मुलांना दोन गटांत बसवतो, एक वृत्तपत्राचा, एक सरकारचा. सरकारचा गट ताकदीने भांडला तरच बातमी पक्की होते. एकदा सरकारचा गट जिंकला होता आणि ते मला फार आवडलं.

दुसऱ्याचा तक्ता पुन्हा करून पाहणं हाही असाच व्यायाम. २०१० साली राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं की, देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढे गेलं की वाढीचा दर शून्याखाली जातो. युरोपातल्या काटकसरीच्या राजकारणात हा निष्कर्ष हत्यारासारखा वापरला गेला. २०१३ मध्ये अॅमहर्स्टच्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने वर्गातला गृहपाठ म्हणून तो तक्ता पुन्हा मांडायला घेतला. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी धरायच्याच राहिल्या होत्या, आणि वजन देण्याच्या पद्धतीतही खोट होती. दुरुस्तीनंतर उणे ०.१ चे अधिक २.२ झाले. गृहपाठाला कमी लेखू नका, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता थोडं आपल्या भाषेतल्या अडचणींबद्दल. इंग्रजी पुस्तकांत या सापडत नाहीत आणि आपल्या मुलांचा निम्मा वेळ यांतच जातो. सरकारी परिपत्रकाची पीडीएफ उघडली की मराठी स्वच्छ दिसते. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की अक्षरांचा काला. कारण तो जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात टंकलेला असतो. मग रूपांतर करा, आणि रूपांतरात जोडाक्षरं फुटली का ते डोळ्यांनी तपासा. दुसरी अडचण अंकांची. तक्त्यात १, २, ३ असे देवनागरी अंक असतील तर पुष्कळदा यंत्र त्यांना अंक मानतच नाही, अक्षरं मानतं. बेरीज शून्य येते आणि मुलगा समजतो आपलं सूत्र चुकलं. तिसरी ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’मधल्या त्या आडव्या ‘र’ची. संगणकात तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो, पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, आणि एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही. ओपनरिफाइन हे साधन नावांच्या गोळाबेरजेला उत्तम, पण उच्चारावरून नावं जुळवण्याच्या त्याच्या पद्धती रोमन लिपी गृहीत धरतात. आणि गावांची नावं! वडगाव किती आहेत महाराष्ट्रात? खुर्द, बुद्रुक, अमक्याचं, तमक्याचं. नावावर जुळवणी केली की एका वडगावचा पाऊस दुसऱ्या वडगावच्या पिकावर पडतो. प्रत्येक गावाला सरकारी संकेतांक असतो, जुळवणी त्यावर करायची. हे एक वाक्य माझ्या सगळ्या टिपणांत सर्वांत उपयोगी आहे.

माहिती मागण्याचंही तसंच. माहिती अधिकाराच्या अर्जाला आपल्या राज्यात दीडशे शब्दांची मर्यादा आहे. त्यात लोक पन्नास शब्द सरकारला सुनावण्यात घालवतात. कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये संगणकावरची माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळण्याचा हक्क आहे. फ्लॉपीचं नाव अजून कलमात आहे. ‘एक्सेल स्वरूपात ई-मेलवर द्यावी’ एवढं लिहिलं की चारशे छापील पानं पुन्हा टंकण्याची शिक्षा टळू शकते. नेहमी टळते असं नाही. आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं आहे. जनहितासाठी म्हणून जी दारं किलकिली होती ती आणखी लोटली जाणार, हे पत्रकारांनी ओळखून असावं.

डिजिटल शोधाबद्दल एकच गोष्ट सांगतो. जुलै २०१८ मध्ये एक चित्रफीत पसरली. सैनिकी वेशातली माणसं दोन बायका आणि दोन मुलांना रस्त्याने नेतात आणि गोळ्या घालतात. आरोप कॅमेरूनच्या सैनिकांवर झाला; कॅमेरून सरकार म्हणालं, चित्रफीत खोटी आहे. बीबीसीच्या आफ्रिका आय या गटाने चित्रफितीत मागे दिसणारी डोंगराची रेघ उपग्रहाच्या नकाशाशी जुळवली, जागा झेलेव्हेत गावाजवळची निघाली. कोणती इमारत कोणत्या प्रतिमेत दिसते आणि कोणत्या नाही, यावरून काळ आवळत आणला. सैनिकांच्या सावल्यांवरून सूर्याचा कोन काढला आणि घटना २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ च्या दरम्यानची ठरली. २०२० मध्ये चार सैनिकांना दहा दहा वर्षांची शिक्षा झाली. ‘अॅनॅटमी ऑफ अ किलिंग’ हा माहितीपट दाखवला की वर्ग गप्प होतो आणि मग सगळ्यांना उपग्रहाची साधनं हवी असतात. तेव्हा मी मागे जाऊन एक तपशील पुन्हा दाखवतो. तो डोंगर हजारो मैलांत कुठे शोधायचा, हे उपग्रहाने सांगितलं नाही. कॅमेरूनमधल्या एका माणसाने कळवलं, झेलेव्हेतच्या आसपास बघा. तो आपल्या धारूरच्या वार्ताहराच्या जातीचा.

हल्ली मला पहिलाच प्रश्न येतो तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा: आता हे सगळं शिकायचं कशाला, यंत्राला मराठीत विचारलं की झालं. वापरावं. हजार पानांतून कोणती दहा वाचायची, ते शोधायला ही यंत्रं कामाची आहेत, सूत्र लिहून देतात, जुन्या फाँटाचा कालाही पुष्कळदा सोडवतात. पण ती नसलेला आकडाही तितक्याच ठाम सुरात देतात, म्हणून छापायचा प्रत्येक आकडा मूळ पानावर बोट ठेवून तपासायचा. आणि २०१४ सालचा शेतमजुरांचा रकाना का वेगळा झाला, असं विचारायचं सुचावं लागतं. ते ज्याला सुचतं त्याच्या हातात यंत्र शोभतं.

एक काळजीही शिकवावी लागते. ८२ हजारांच्या पाहणीत कुणी ओळखू येत नाही. पण गावनिहाय तक्ता छापला आणि एखाद्या वस्तीवर आकडा ‘१’ असेल, तर ती बाई कोण ते गावाला दुसऱ्या दिवशी कळतं, नाव न छापताही. लहान आकडे एकत्र करून छापावेत, हा संख्याशास्त्रातला नियम आहे. गावात राहणाऱ्याला तो लगेच पटतो, शहरातल्या संपादकाला समजावून सांगावा लागतो.

आता शेवटी पैशाचं बोलतो, कारण ते कुणी बोलत नाही. मी ज्या वार्ताहराचं एवढं कौतुक केलं, त्याला बहुतेक ठिकाणी पगार नाही, मानधन आहे, आणि त्याच्या कामाचं मोजमाप बातमीवर कमी, जाहिरातीच्या टार्गेटवर जास्त आहे. रोख्यांची जुळणी एका संध्याकाळी झाली. पण पैसेवारी आणि मंडलनिहाय पाऊस गावागावाने जुळवायला तालुक्याच्या माणसाला तीन आठवडे लागतील, आणि त्या तीन आठवड्यांत तो रोजचा चार बातम्यांचा रतीब घालू शकणार नाही. म्हणून माझं मालक-संपादकांना मागणं आहे. मोठी डेटा टीम नको, रंगीत पडदे नकोत. जिल्हा आवृत्तीत तक्ते जुळवता येणारा एक माणूस ठेवा. त्याच्या जोडीला दर महिन्याला दोन तालुका वार्ताहर द्या, आणि त्या महिन्यापुरतं त्यांना मानधन पूर्ण द्या, बातम्या कमी आल्या तरी. विषय त्यांना निवडू द्या. शाळांची पटसंख्या, टँकरच्या फेऱ्या, पीकविम्याचे नाकारलेले दावे. ते काय निवडतील ते मला इथून सांगता येणार नाही. शिकवायला मी आणि माझ्यासारखे पाचपन्नास लोक जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन राहू, एक आठवडा, हॉटेलच्या हॉलशिवाय. फक्त तो आठवडा वर्धापनदिनाच्या पुरवणीच्या महिन्यात ठेवू नका. मागच्या खेपेला दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग जाहिराती आणायला गेला होता.